फोर-के घ्या आणि पंधरा फुटांवर बसा: एका फॉरवर्डचा समाचार

दिवाळीची खरेदी जवळ आली की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. ‘नवीन टीव्ही घेताय? थांबा, आधी हे वाचा!’ खाली सात मुद्दे, प्रत्येकापुढे लाल उद्गारचिन्ह आणि शेवटी ‘जनहितार्थ’. राजेंद्रनगरचे काका तो लोकमान्यनगरच्या मावशींना पाठवतात, मावशी भाच्याला, आणि भाचा महाराणी रोडवरच्या दुकानात मोबाइल पुढे करून विचारतो, “भैया, इसमें जो लिखा है, वो वाला दिखाओ.” दुकानदाराला आणखी काय हवं?

मुद्दे थोडक्यात असे. फुल एचडी आता बाद, फोर-केच घ्या. टीव्ही फोर-के असला की सगळे चॅनल आपोआप फोर-के दिसतात. बॉक्स टीव्हीला जोडणारी एचडीएमआय वायर सोन्याचा मुलामा दिलेलीच घ्या. ५५ इंचाच्या टीव्हीपासून किमान १५ फूट लांब बसा, नाहीतर डोळे जातील. स्टॅबिलायझर नसेल तर वारंटी रद्द. ३२ इंचांच्या वर गेलात तर २८ टक्के जीएसटी. आणि जुना डब्बा टीव्ही फुकट देऊ नका, त्यात लाखो रुपयांचा ‘लाल पारा’ असतो.

पहिला आणि चौथा मुद्दा एकत्र घेतो, कारण लिहिणाऱ्याने ते एकत्र वाचलेले दिसत नाहीत.

फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण सुमारे २१ लाख. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख. चौपट, हे खरंच. पण हे ठिपके पाहायचे आपल्या डोळ्यांनी, आणि डोळ्याची मर्यादा ठरलेली आहे. निरोगी नजरेला कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखता येतो, असं ढोबळमानाने धरतात. आता ४३ इंची टीव्ही घ्या. त्याची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर, म्हणजे फुल एचडीत एक ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच-सहा फुटांच्या पलीकडे गेलात की हे ठिपके एकमेकांत मिसळतात, वेगळे दिसतच नाहीत. ५५ इंचाला हेच अंतर सुमारे सात फूट. सुदामानगरातल्या एखाद्या घराची बैठक डोळ्यांपुढे आणा: एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला सोफा, मध्ये नऊ-दहा फूट. त्या सोफ्यावरून चौपट ठिपक्यांचा उपयोग काय?

आता चौथा मुद्दा पाळून ५५ इंचाच्या टीव्हीपासून १५ फुटांवर बसा. तिथून फोर-के आणि फुल एचडी तर सोडाच, १३६६ गुणिले ७६८ वाला ‘एचडी रेडी’ पडदासुद्धा तेवढाच रेखीव दिसेल, कारण त्याचे ठिपके दहा फुटांवरच मिसळतात. म्हणजे पहिल्या मुद्द्याने जास्तीचे पैसे खर्च करायला लावायचे आणि चौथ्याने ते पाण्यात घालायचे.

याचा अर्थ फोर-के घेऊ नका असा नाही. ४३ इंचांपासून वर दुकानात आता बहुतेक माल फोर-केच असतो, तेव्हा मिळतोय तर खुशाल घ्या. मोठा पडदा घेऊन जवळ बसणार असाल, कॉम्प्युटर जोडणार असाल, तर फरक दिसेलही. पण ३२ इंची घेऊन बेडरूममध्ये लावणाऱ्याने ‘फुल एचडी नाही म्हणून फसलो’ असं म्हणत झोप उडवून घेऊ नये. माझं विचाराल तर ठिपके मोजण्यापेक्षा काळा रंग किती काळा दिसतो आणि दुपारी खिडकी उघडी असताना पडदा फिका पडतो का, हे पाहावं.

राहिली डोळ्यांची गोष्ट. जवळून टीव्ही पाहण्याच्या भीतीला जुना आधार आहे: १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत टीव्हींमधून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण निघत असल्याचं आढळलं होतं. ती पिक्चर ट्यूबच्या जमान्यातली भानगड. आजच्या पडद्यात ट्यूबच नाही. एकटक पाहिल्याने पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, थकतात, पण जात नाहीत. पोरगं सारखं पडद्याला नाक लावून बसत असेल तर मात्र टीव्ही मागे सरकवण्याआधी त्याची नजर तपासून घ्या. लांबचं दिसत नाही म्हणून ते पुढे सरकत असू शकतं.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र जरा बैठक मारून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त हिरमोड इथे होतो. नवा टीव्ही भिंतीवर चढतो, केबलवाला येऊन जुना बॉक्स लावून जातो, आणि संध्याकाळी काकू म्हणतात, “जुनाच बरा होता गं, यात सगळ्यांची तोंडं सुजल्यासारखी दिसतात.” काकूंचं शंभर टक्के बरोबर असतं.

साध्या एसडी चॅनलचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. ८३ लाखांच्या पडद्यावर ते पसरायचं तर मधले ठिपके टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. ही म्हणजे वाटीभर साबुदाण्याची खिचडी अख्ख्या पंगतीला वाढायची कसरत. ती चांगला टीव्ही नेटकी करतो, स्वस्तातला ओबडधोबड करतो, पण मुळात नसलेला तपशील कोणीच आणू शकत नाही. २०११ च्या डिसेंबरात होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ धावा कुटल्या, त्याची मोबाइलवर फिरून फिरून झिजलेली क्लिप फोर-के पडद्यावर लावून बघा. चेंडू शोधावा लागेल. जुन्या २१ इंची डब्ब्यावर तेच चित्र लहान असायचं आणि ट्यूब कडा थोड्या मऊ करायची, त्यामुळे दोष झाकले जायचे.

म्हणून नव्या टीव्हीवर चित्र वाईट दिसलं की आधी मागे हात घाला. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी-पांढरी-लाल अशी तीन पिनांची वायर आलीय का? त्यातली पिवळी पिन फक्त एसडी चित्र नेते. बॉक्स एचडी असला, पॅक एचडीचा असला, तरी या वायरीतून एचडी येणार नाही. ती काढून एचडीएमआय वायर लावा. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय, म्हणजे एचडी चित्राचा पर्याय, निवडलंय का पाहा. मग चॅनल: बहुतेक ठिकाणी एसडी आणि एचडीचे नंबर वेगळे असतात, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने बोट जुन्याच नंबरावर जातं. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी तिन्ही एचडीत आहेत. कोपऱ्यातल्या लोगोखाली ‘एचडी’ दिसलं पाहिजे. पॅकमध्ये ते नसतील तर महिन्याला थोडे जास्त मोजावे लागतील, पण चित्रात खरा फरक त्याच पैशांनी पडतो. आणि तोंडं सुजलेली दिसतात ती चौकोनी चित्र ताणून रुंद केल्यामुळे. रिमोटवर पिक्चर साइज बदलून ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, पण माणसं माणसांसारखी दिसतील.

एचडी चॅनलसुद्धा बहुतेक १०८०आयच, फोर-के नव्हेत. फोर-के मिळतं ते मुख्यतः इंटरनेटवरून, तेही सगळं नाही. नेटफ्लिक्सवर त्यासाठी सर्वात वरचा प्लॅन लागतो आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा उडतो. दुकानात दिसणारे पोपट, धबधबे आणि संथपणे उमलणारी फुलं ही खास बनवलेली क्लिप असते, वर पडदा ‘स्टोअर मोड’वर भडक केलेला. दुकानदाराला सांगा, “इस पर कोई सादा चैनल लगाओ.” त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

वायरीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोचले तर चित्र येतं, नाही पोचले तर ठिणग्या उडाल्यासारखं दिसतं किंवा पडदा काळा होतो. सोन्याच्या मुलाम्याने पिना गंजत नाहीत, रंग खुलत नाहीत.

स्टॅबिलायझर: टीव्हीच्या मागची पट्टी वाचा. पुष्कळ टीव्हींवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं छापलेलं असतं, म्हणजे तेवढा चढउतार तो स्वतःच सांभाळतो. वारंटीच्या अटी कार्डावर असतात, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. आपल्या माळव्यात जून-जुलैत कडाडणाऱ्या विजेपुढे स्टॅबिलायझरही हात टेकतो. तेव्हा प्लग काढा आणि डिशच्या छत्रीची वायरही काढा. ती बहुतेकजण विसरतात.

जीएसटीचा मुद्दा एकेकाळी खरा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हींवरही १८ टक्केच आहे. मेसेज शिळा, एवढंच.

आणि लाल पारा. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत पारा नसतो, लाल नाही की पांढरा नाही. ट्यूबच्या मागच्या काचेत शिसं असतं, आत निर्वात पोकळी असते आणि बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार काही काळ टिकून राहू शकतो. गच्चीत पेचकस घेऊन खजिना शोधणाऱ्याच्या हाती झटका लागेल, नाहीतर काचा. आपल्याकडे इंदुरात कचऱ्याच्या गाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे. जुना रिमोट, वायरी त्यात टाका. अख्खा डब्बा एक्सचेंजमध्ये द्या किंवा अधिकृत ई-कचरावाल्याला, न फोडता.