खुलासा: जनरल स्टडीज केलं की थेट तिसरं वर्ष मिळतंच असं नाही

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांची पदवी देणारं कॉलेज) जनरल स्टडीज (एका शाखेला न बांधलेली पदवी) घ्या, वाट्टेल ते विषय निवडा, 60 क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर जमा होणारे अंक) झाली की कुठलंही विद्यापीठ थेट तिसऱ्या वर्षाला घेतं. हे अर्धंच खरं आहे.

पदवी खरी आणि लवचिकही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना, जुनी विखुरलेली क्रेडिट एकत्र करणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. पण इलिनॉय राज्यात ही पदवी मुळात ट्रान्सफरसाठी, म्हणजे पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठी, आखलेलीच नाही. फ्लोरिडात सरकारी कॉलेजच्या ‘असोसिएट इन आर्ट्स’ ही दोन वर्षांची पदवी घेणाऱ्यांना राज्याच्या एखाद्या विद्यापीठात जागेची हमी आहे, पण तीही हव्या त्या विद्यापीठाची किंवा शाखेची नाही.

माझ्या भाचीच्या ट्रान्सफरच्या कागदावर फोटोग्राफी, योग, चित्रकला या सगळ्यांपुढे एकच शब्द होता, ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे शाखेच्या सक्तीच्या विषयांत न धरला जाणारा ऐच्छिक विषय. क्रेडिट मिळाली, पण इंजिनिअरिंगला लागणारं कॅल्क्युलस त्यात नव्हतं. दोन सेमिस्टर जास्तीची गेली, फी वेगळीच.

म्हणून पहिल्याच सेमिस्टरला, ज्या विद्यापीठात जायचंय तिथली त्या शाखेची ट्रान्सफर यादी घेऊन कॉलेजच्या अॅडव्हायझरसमोर बसा आणि मगच विषय निवडा.