टर्बो खराब होता की बसवणारा? मालेगावच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली आणि लगेच जे टाइप केलं होतं ते पुसून टाकलं, बरं झालं. आज डोकं जरा थंड आहे.

ज्यांनी वरचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं की माझ्या २०१३ च्या स्विफ्ट डिझेलला बाहेरचा, म्हणजे कंपनीचा नसलेला, नवीन टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) घेतला आणि तो डब्यातूनच खराब निघाला. त्यावर या भाऊंचं म्हणणं, आणि त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे, की "साहेब, नवा टर्बो खराब नसतो, बसवणारा खराब असतो. रिटर्न पाइप चोक असेल, नाहीतर तेल पोचलं नसेल. शाफ्ट हलतो म्हणून बोंब मारू नका, तो हलणारच. आणि बदलून मिळाला ना, मग दुकानदाराची बदनामी कशाला?" (शाफ्ट म्हणजे टर्बोच्या पंख्याचा दांडा, रिटर्न पाइप म्हणजे टर्बोतलं तेल इंजिनात परत नेणारी नळी.)

आधी शाफ्टचं. तुमचं अर्धं बरोबर आहे भाऊ. शाफ्ट वर-खाली हलतो, हलायलाच पाहिजे, कारण आत शाफ्टभोवती पितळी बुश, म्हणजे छोट्या नळ्या, असतात आणि ते तेलाच्या फिल्मवर तरंगतात, तेल नसताना हातात घेतला तर खुळखुळा वाटतोच. नवीन माणूस तेवढ्यावरून घाबरतो हे खरं. पण मी वर-खालीचं बोललोच नव्हतो, मी बोललो होतो आत-बाहेरचं. शाफ्ट ओढला आणि ढकलला तर तो हलल्याचं बोटाला जवळजवळ कळूच नये, साधारण ०.१ मिमीच्या आत पाहिजे, कारण तो प्ले, म्हणजे ही हालचाल, थ्रस्ट बेअरिंगची चकती धरून ठेवते आणि त्याच्या जिवावरच पंखा हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, न घासता मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो. इथे नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये माझा एक मित्र आहे, त्याच्याकडून डायल गेज (इतकी बारीक हालचाल सुईवर दाखवणारं घड्याळ) आणि मॅग्नेटचा स्टँड आणला होता. जेवणाच्या टेबलावर जुन्या तव्याला स्टँड चिकटवला (बायकोचा तवा, त्यावरून वेगळं महाभारत झालं), टर्बो शिकंजात धरला आणि सुई बघितली. ०.१९. परत केलं, ०.१९. तिसऱ्यांदा ०.१८. पंखा आत ढकलून बोटाने हळूच फिरवला की एका जागी खर्र करून घासायचा, प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी. गाडीला लागायच्या आधीचं आहे हे सगळं, तेलाचा थेंब पण गेला नव्हता त्यात. आता यात रिटर्न पाइप कुठून आला सांगा?

आता तेलाचं. इथे मात्र चूक माझी आहे, लेखात मी ते लिहिलंच नाही, त्यामुळे तुम्हाला वाटणारच की जुना काढला, नवा ठोकला आणि निघाला. तसं नाही केलं. जुना टर्बो एक लाख ऐंशी हजार किलोमीटरवर गेला, कसारा घाट चढताना मागे निळा धूर आणि पिकअप गायब, आणि तो तेलानेच मारला होता हे मला पण मान्य आहे, आधीच्या मालकाने तेल बदलायला किती ताणलं असेल देव जाणे. म्हणून तेल-फिल्टर नवीन, टर्बोला तेल आणणारा फीड पाइप नवीन, इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवून जाळी साफ. रिटर्न पाइप डिझेलमध्ये रात्रभर ठेवून सकाळी हवा मारली तर कोळशासारख्या खपल्या पडल्या. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) उलटा केला तर चहाचा अर्धा ग्लास भरेल इतकं तेल निघालं. हे शेवटचं काम बरेच जण करत नाहीत आणि ते तेल इंजिनाने ओढलं की गाडी स्वतःच्याच तेलावर पळायला लागते, चावी काढली तरी बंद होत नाही, मग पाचवा टाकून ब्रेक दाबून क्लच सोडून मारावी लागते. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतोय.

जोडाला सिलिकॉनची पेस्ट लावली का म्हणून विचारलंय तुम्ही. नाही लावली, नवीन गॅस्केट टाकलं, सिलिकॉनचा तुकडा सुटून तेलाच्या भोकात बसला की विषयच संपला. बसवताना फीडच्या भोकातून कुपीने तेल सोडलं, मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता सेल्फ मारला, रिटर्न पाइप मोकळा ठेवून खाली वडापावचा कागद धरला आणि त्यावर तेल पडायला लागल्यावरच पाइप जोडला. कसाऱ्याहून चढून आलो की घाटनदेवीपाशी गाडी लगेच बंद करत नाही, टर्बो थंड व्हायला मिनिट-दोन मिनिटं आयडलला ठेवतो. अजून काय करायचं भो!

पण एका गोष्टीत तुम्ही मला बरोबर पकडलंय. तुम्ही लिहिलंत, "खराब दिसला होता तर बसवला कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे कारण आहे, पण ते उत्तर नाहीये. गाडी चार दिवस मिस्त्रीच्या रॅम्पवर अडकलेली, मिस्त्री रोज फोन करतोय की दुसरी गाडी घ्यायचीये, मी दुकानदाराला रीडिंग सांगितलं तर तो म्हणाला, "अहो नवीन माल आहे, तेल गेलं की बसेल." थ्रस्टचा प्ले तेलाने बसत नाही हे मला माहीत होतं. तरी मी मान डोलावली. तो टर्बो त्याच दिवशी कुरिअरने परत जायला पाहिजे होता. बसवला आणि त्याच्या हातात मुद्दा दिला की आता वापरलेला आहे, आता तुमच्या गाडीचं काय ते तुम्ही बघा. आणि पंख्याचा तुकडा उडून इंजिनात गेला असता तर मी आज टर्बोवर नाही, इंजिनावर लेख लिहित असतो.

बसवल्यावर पहिल्याच फेरीत, गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत गेलो असेन, दोन हजार आरपीएमच्या पुढे शिट्टी. नेहमीची बारीक शिट्टी नाही, अॅम्ब्युलन्स लांबून येतेय तशी चढत जाणारी. अडीचशे किलोमीटर कसेबसे केले आणि उतरवला. पाइपमध्ये तेल होतं, त्यावरून मी लेखात "सील गेलं" असं लिहिलं. ते चुकीचं लिहिलं. आत रबरी सील नसतंच, पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, आणि पाइपात तेल दिसलं एवढ्यावरून टर्बोलाच दोष देता येत नाही, रिटर्न तुंबला किंवा ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) बंद असला तरी ते येतं. ते वाक्य आज काढतोय. पंख्याच्या पात्यांची टोकं एका बाजूला आरशासारखी चकचकीत झाली होती आणि हाउसिंगमध्ये बरोबर त्याच्यासमोर नखाला लागेल असा चरा, तो फोटो मात्र राहणार.

तुम्ही म्हणता कोर, म्हणजे टर्बोचा शाफ्ट-बुश असलेला मधला भाग, उघडून शाफ्टचा फोटो टाका, मग बोलू. घरी उघडला असता तर वॉरंटी गेलीच होती. म्हणून मुंबईला दुकानात जायला सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली, पाच-सहा किलोचं ते धूड भाजीच्या पिशवीत, शेजारचे काका विचारतात फणस आहे का. दुकानात बसून सांगितलं की माझ्यासमोर उघडा, मी व्हिडिओ घेतो. तासभर नाही नाही म्हणून शेवटी त्यांनीच जवळच्या टर्बोवाल्याकडे नेलं. तेलाविना चाललेला शाफ्ट निळा पडतो, घाण तेलाने त्यावर चरे पडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. हा शाफ्ट निळा नव्हता, चरा नव्हता, बुश पण साफ. त्या कारागिराने थ्रस्टची चकती काढून दुसऱ्या नव्या चकतीशेजारी मायक्रोमीटरला लावली, काही न बोलता आकडा दुकानदाराला दाखवला आणि परत आपल्या कामाला लागला. त्याच्यानंतर आवाज कोणाचाच चढला नाही.

दुसरा पीस तिथेच डायल लावून घेतला, ०.०६. त्याच ब्रँडचा आहे भाऊ, म्हणजे बाहेरचा माल सगळा टाकाऊ असं माझं म्हणणं नाही आणि नव्हतं. नऊ हजार किलोमीटर झालेत, चांगला चाललाय.

आणि "धमकी देऊन वसूल केलं" हे जे लिहिलंय ते नाही पटलं. मी एवढंच म्हणालो होतो की नाशकात ग्राहक आयोगात जाईन. २०१९ चा कायदा, जुलै २०२० पासून लागू झालाय, त्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दुकान मुंबईत असलं तरी. पाच लाखांच्या आतल्या वस्तूला फी नाही, दोन वर्षांची मुदत, आणि आधी १९१५ ला फोन लावून बघता येतो. दोष नुसता बघून कळत नसेल तर आयोग वस्तू तपासणीला पाठवतो, म्हणून बिल, डबा, बसवण्याआधीचे फोटो आणि न खोललेला पीस जपायचा असतो. यात धमकी कुठे आली? आणि बदनामीचं म्हणाल तर दुकानाचं नाव मी लेखात पण नाही लिहिलं, इथे पण नाही.

बदलून मिळाला हे खरं. पण दोनदा काढ-घालची मजुरी, दोनदा तेल आणि एक दिवसाची रजा यातला रुपया मिळाला नाही, आणि मी पण पुढे लावून धरलं नाही. तेवढं तरी ब्लॉगवर रडू द्या की.

रिटर्न पाइपचे साफ करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो लेखात टाकतोय संध्याकाळी. डायल गेज अजून माझ्याकडेच आहे, मित्राने दोनदा मागितलाय. तुम्ही नाशिकला येणार असाल तर त्याला परत द्यायच्या आधी या, तुमच्या गॅरेजमधला एखादा नवा पीस पण घेऊन या, बसून दोघं मोजू.