सहा वर्षांनी पुस्तक हातात घेणाऱ्या मैत्रिणीसाठी

परवा रात्री मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं, काहीतरी वाचायला सुचव ना. मुलगी झाल्यापासून एक पुस्तक धड पूर्ण झालेलं नाही." मुलगी आता सहा वर्षांची आहे. मैत्रीण आपल्या नाशिकमध्येच पाथर्डी फाट्याला राहते, सकाळच्या पाळीला सातपूरला जाते. वाचायला मिळणार ती रात्रीची वीस-पंचवीस मिनिटं, तीही मुलगी वेळेवर झोपली तर.

मागे तिनं असंच विचारलं होतं तेव्हा मी उत्साहानं पंधरा पुस्तकांची यादी पाठवली होती. सगळ्यात वर सातशे पानांची कादंबरी. तिनं ती आणलीसुद्धा. दोन महिन्यांनी तिच्या घरी गेले तर पुस्तक फ्रीजवर, एकेचाळिसाव्या पानात बसचं तिकीट. माझी नजर तिकडे गेली आणि ती ओशाळली. ते मला फार लागलं. तिची रात्र कशी जाते हे न विचारताच मी माझी आवड तिच्या गळ्यात मारली होती.

म्हणून या वेळी यादी नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' माझ्याजवळचंच नेऊन दिलं. लक्ष्मीबाई आपल्याच गोदाकाठच्या, जलालपूरच्या, जन्म १८६८ चा. शाळेत न गेलेली ही बाई नवऱ्याकडून अक्षरं शिकली आणि उतारवयात आयुष्य सांगायला बसली. सांगायलाच म्हणते मी, कारण ते वाचताना कुणीतरी ओसरीवर तांदूळ निवडत बोलतंय असं वाटतं. प्रसंग छोटे. चार पानं वाचून मिटलं तरी दुसऱ्या दिवशी धागा सापडतो. वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग वाचताना हसू येतं आणि त्या घरातल्या बाईचे हाल दिसून पोटात तुटतंही. नवरा न सांगता घरातून निघून जाणारा. १८९५ मध्ये तो ख्रिस्ती झाला आणि ही मागे राहिली. त्या दिवसांबद्दल ती ज्या सरळपणे लिहिते, तसं आजही फार थोड्यांना जमतं. रागही आहे, माया तर आहेच.

हे संपलं की दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. एका मराठी महिन्याचा एक लेख, घाई नाही, वर्षभर पुरवून वाचावं. मग बाबुराव बागुलांच्या कथा, 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३ चा संग्रह. बागुलही नाशिकचेच. पण हे झोपताना वाचू नकोस असं तिला बजावून सांगितलंय. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी खोली शोधतो, एवढ्यावरून सुरू होणारी ती कथा वाचून मी रात्रभर जागी होते. सुटीच्या दुपारी वाचावी, आणि वाचून झाल्यावर कुणाशी तरी बोलावं.

विकत घ्यायची घाई करू नका असंही माझं मत आहे. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे. परत करायची तारीख असली की पुस्तक फ्रीजवर पडून राहत नाही.

काल रात्री सव्वाअकराला तिचा फोन. हळू आवाजात, मुलगी उठू नये म्हणून. "टिळक पुन्हा निघून गेले गं. परत येतात का, एवढंच सांग."

मी नाही सांगितलं.