आईला सांगायचं की नाही?

आईचं निदान झालं त्या रात्री आम्ही भावंडं व्हिडिओ कॉलवर दीड तास भांडलो. अल्झायमर हा शब्द तिच्यासमोर काढायचा की नाही? दादा म्हणाला, "कशाला सांगायचं? धसका घेईल." आपल्याकडे बहुतेक घरांत हेच ठरतं, मायेपोटीच.

मी राहते तिथे डॉक्टर आधी रुग्णाशी बोलतात, मग मुलांशी. सुरुवातीला मला ते निष्ठुर वाटायचं. मग शेजारच्या आजींना हा आजार झाला. कळत होतं तोवर त्यांनी सगळं लिहून ठेवलं: पैशांचे व्यवहार कोणी पाहायचे, पुढे संस्थेत राहायचं का, नळीने अन्न द्यायचं का. आज आजी मुलीला ओळखत नाहीत, पण मुलीला कशाचाही अंदाज बांधावा लागत नाही.

आणि न सांगितलं म्हणून रुग्णाला कळत नाही थोडंच! १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये डॉ. आलोइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर यांना स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. ते पुरं होईना. त्या म्हणाल्या, "मी स्वतःला हरवून बसले आहे." त्यांच्या मृत्यूनंतर, १९०६ मध्ये, मेंदूत प्रथिनांचे थर आणि गुंते दिसले, पण काहीतरी निसटतंय हे त्यांना आधीच कळलं होतं. आईच्या वहीतही आम्हा तिघांची नावं पानभर लिहिलेली सापडली. खाली दोनदा अधोरेखित केलेलं, "विसरायचं नाही."

लेकॅनेमॅबसारखी नवी औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यात देतात. त्यांनी आजार बरा होत नाही, थोडा मंदावतो. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतो. तो पत्करायचा की नाही, हे तिच्याऐवजी आम्ही कसं ठरवणार?

दादाचा राग मला समजतो. रात्री दोनला आई पर्स घेऊन दाराशी उभी राहते, तेव्हा उठतात ते दादा आणि वहिनी. मी नाही. इतक्या लांबून मत देणं सोपं, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. तरीही मी माझा हेका सोडला नाही.

शेवटी ताईने सांगितलं. आई बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुम्हीच कुणी बोलत नव्हतात." तिने वही मागितली. पहिली ओळ लिहिली: रात्री दादाने एकट्याने जागायचं नाही. दुसरी माझ्यासाठी होती: हिने वर्षातून दोन महिने इथे येऊन राहायचं.