ज्या जादूची किंमत मोजावी लागते

मुलांच्या हाती जादूची पुस्तकं द्यावीत का, यावर महाराष्ट्रात दोन बाजूंनी आक्षेप येतो. विवेकवादी मंडळी म्हणतात, एकीकडे बुवाबाजीशी लढायचं आणि दुसरीकडे पोरांना मंत्र आणि छडीच्या गोष्टी वाचायला द्यायच्या, हे कसं? दुसरी बाजू म्हणते, आपल्याकडे वेताळ, गुलबकावली, चांदोबा असताना परक्या चेटकिणी कशाला? इथे ब्रिटनमध्ये वाचनालयांत जादूच्या मालिका मुलांच्या विभागात उघड मांडलेल्या असतात आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. अमेरिकेत मात्र २००० ते २००९ या दशकात ग्रंथालयांतल्या ज्या पुस्तकांवर हरकती घेतल्या गेल्या, त्यांत हॅरी पॉटर पहिल्या क्रमांकावर होता. तिथे जादू धर्माच्या आड येते म्हणून विरोध, आपल्याकडे विवेकाच्या आड येते म्हणून. मला आपल्याकडचा विरोध जास्त मोलाचा वाटतो, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा गोष्टींच्या विरोधात नाही. तथाकथित चमत्कार करून दाखवायचे आणि त्यावर पैसे मिळवायचे, अशा प्रकारांना तो गुन्हा ठरवतो. बुवाचा चमत्कार कसा होतो, हे कुणी विचारायचं नसतं. चांगल्या मालिकेतली जादू याच्या अगदी उलट असते. तिला नियम असतात, ती शिकावी लागते आणि वापरली की काहीतरी गमवावं लागतं. मालिका निवडताना मी हीच कसोटी लावेन.

उर्सुला ल ग्विन यांच्या अर्थसी मालिकेतलं पहिलं पुस्तक १९६८ चं. जादूगारांच्या शाळेत हातचलाखी शिकवणारा गुरू एक साधा खडा हिरा करून दाखवतो आणि लगेच सांगतो की हा फक्त भास आहे. खडा खरोखर बदलायचा तर त्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि ते बदललं तर सगळं जग बदलेल. दिवा लावला की सावली पडतेच, असं तो बजावतो. नायक गेड गर्वापोटी हे विसरतो. नको तो प्रयोग करून एक सावली जगात सोडतो, तोंडावर कायमचे व्रण घेतो आणि पुढे स्वतःच तिच्या मागावर निघतो. गेडचा रंग तांबूस तपकिरी आहे, हेही आपल्या मुलांना सांगावं. ही मालिका साधारण अकरा-बाराव्या वर्षी द्या. संवाद कमी, वर्णन जास्त, त्यामुळे वेगवान गोष्टींची सवय असलेली मुलं सुरुवातीला कंटाळतात. पहिली दोन प्रकरणं मोठ्यांनी वाचून दाखवली तर गाडी रुळावर येते. दुसऱ्या पुस्तकात गेड बराच उशिरा येतो, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘तो कुठे गेला?’ म्हणत मुलं पुस्तक मिटतात. पहिल्या तीन पुस्तकांनंतर थांबा. चौथं पुस्तक लहान मुलीवरच्या अत्याचाराभोवती फिरतं. ते पंधरा-सोळाच्या आधी नको.

पण अंधश्रद्धेची काळजी असलेल्या पालकाला एकच मालिका सुचवायची झाली, तर मी टेरी प्रॅचेट यांची टिफनी एकिंगची पाच पुस्तकं सुचवेन (२००३ ते २०१५). टिफनी नऊ वर्षांची, मेंढपाळांच्या घरातली, चीज करण्यात तरबेज. नदीतून एक राक्षसीण वर येते. गोष्टींच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की तिचे डोळे सूपच्या बशीएवढे असतात. टिफनी घरी जाऊन बशी मोजते. आठ इंच, म्हणजे वीस सेंटिमीटर. मग ती तळण्याचा तवा घेऊन राक्षसिणीचा समाचार घ्यायला परत येते. आधी मोजमाप आणि मग मुकाबला, याहून विवेकी नायिका कुठे मिळणार? तिच्या गावात एका एकट्या म्हातारीला चेटकीण ठरवून लोकांनी तिचं घर जाळलेलं असतं. ती थंडीत मरते. त्या अन्यायाच्या आठवणीतूनच टिफनीला चेटकीण व्हायचं असतं. आणि चेटकीण म्हणजे काय, तर आजाऱ्याला बघणारी, म्हाताऱ्यांची नखं कापणारी, गावाची काळजी वाहणारी बाई. डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या बातम्या जिथे येतात, तिथल्या मुलांनी हे वाचायलाच हवं. अडचण एक आहे. यातली छोटी निळी माणसं स्कॉटिश ढंगाचं इंग्रजी बोलतात, ते कागदावर कळत नाही. ध्वनिपुस्तक लावा. चौथा भाग बराच काळोखा आहे; तो चौदाच्या पुढे.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर रोशनी चोक्शी यांच्या अरू शाह मालिकेत आहे (पाच पुस्तकं, २०१८ ते २०२२). अटलांटातली बारा वर्षांची थापाडी मुलगी संग्रहालयातला दिवा लावते, नको ते जागं होतं, आणि ती पांडवांपैकी एकाचा पुनर्जन्म निघते. विनोद अमेरिकी चित्रपटांवरचे असतात, ते पुण्यातल्या मुलाला निसटतात. महाभारताचे धागे इथे ब्रिटनमधल्या मुलाला निसटतात. दोघांनी एकत्र वाचलं तर उत्तम.

आता चुकतं कुठे ते. हॅरी पॉटरचा सातही पुस्तकांचा संच वाढदिवसाला एकदम देतात. ब्रिटिश आवृत्तीत पहिलं पुस्तक २२३ पानांचं आहे, पाचवं ७६६. नायक दर पुस्तकात वर्षाने मोठा होतो आणि मजकूरही. चौथ्याच्या शेवटी एक शाळकरी मुलगा मारला जातो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पहिली तीन द्या, मग वर्षाला एक. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेच्या संचावर छापलेले क्रमांक कथेतल्या काळानुसार असतात, म्हणून ‘१’ लिहिलेलं पुस्तक आधी उघडलं जातं. ते प्रत्यक्षात १९५५ चं, सहावं. कपाटातून नार्नियाच्या जादुई जगात गेल्यावर बर्फात जो दिव्याचा खांब दिसतो, तो तिथे कुठून आला, हे त्यात कळतं. पण खांबच पाहिला नसेल तर त्यात गंमत काय? त्या कपाटाच्या पुस्तकापासून, म्हणजे १९५० च्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’पासून, सुरुवात करा.

इंग्रजी कच्चं असेल तर मधलं एक पान उघडून मुलाला वाचायला लावा. पाच शब्द अडले तर पुस्तक वर्षभर पुढे ढकला. इथे ब्रिटनमध्ये उन्हाळी सुट्टीत वाचनालयांच्या वाचन-आव्हानात मुलांनी साधारणपणे सहा पुस्तकं वाचायची असतात, कुठली ते मुलंच ठरवतात. आपल्याकडच्या गावातल्या वाचनालयालाही हे सहज जमेल.

आणि मराठीचं काय? सलग वाढत जाणारी जादूची मालिका मराठीत शोधावी लागते, ही उणीव खरी आहे. पण हॅरी पॉटर मराठीत आहे. बाळ ऊर्ध्वरेषे यांच्या अनुवादात पहिल्या पुस्तकाचं नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आहे. परीस हा शब्द आपल्याकडे तयारच होता! परदेशात वाढणाऱ्या, मराठी कळतं पण वाचता येत नाही अशा मुलाला इंग्रजी वाचून झाल्यावर हे ऐकवा. पहिल्या पानापासून नको, पाचव्या प्रकरणातल्या छडीच्या दुकानापासून. छडी अकरा इंचांची, आत फिनिक्सचं पीस, हे त्याला पाठ असतं. त्यामुळे मराठी शब्दांचे अर्थ थांबून विचारावे लागत नाहीत. रोज पंधरा मिनिटं, बोट ओळीखाली धरून.