एफडब्ल्यू१४बी ‘आपोआप’ धावत नव्हती

१९९२ची विल्यम्स संघाची शर्यतीची गाडी एफडब्ल्यू१४बी म्हणजे चाकांवरचा कॉम्प्युटर, ड्रायव्हर नायजेल मॅन्सेलच्या जागी कुणी सोम्यागोम्या बसवला असता तरी जगज्जेता झाला असता, म्हणून तर तिचं अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन, म्हणजे कॉम्प्युटरने गाडीची उंची राखायचं तंत्र, लगेच बंद केलं – फॉर्म्युला वनच्या चाहत्यांत हे इतक्या वेळा फिरलंय की आता कुणी तपासतही नाही. गाडी बाकीच्यांच्या कोसभर पुढे होती, हे मान्यच. बाकीचं बघू.

‘कुणीही’ म्हणता, तर त्या गाडीत दुसरा माणूस खरोखर बसत होता. मॅन्सेलचा संघातला जोडीदार रिकार्डो पात्रेसे. तेच रेनॉचं व्ही१० इंजिन, तेच अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन. आणि हा काही ऐरागैरा नव्हे. १९९१ला, साधं सस्पेन्शन असलेल्या एफडब्ल्यू१४मध्ये, पहिल्या सातही शर्यतींच्या पात्रता फेरीत (शर्यतीआधी सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेरीत) तो मॅन्सेलच्या पुढे होता. १९९२ला मात्र पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीचा पहिला क्रमांक, मॅन्सेलला १४ वेळा, पात्रेसेला एकदा. सिल्व्हरस्टोनच्या पात्रता फेरीत मॅन्सेल १:१८.९६५, दुसऱ्या क्रमांकावर पात्रेसे १:२०.८८४. एकाच गाडीत जवळजवळ दोन सेकंदांचं अंतर!

याचं कारण त्या सस्पेन्शनमध्येच आहे. साध्या गाडीत ब्रेक मारला की नाक खाली जातं, वळणावर गाडी कलते. तळ आणि रस्ता यांतली फट बदलते, तसा गाडीला खाली दाबणारा हवेचा जोरही बदलतो. इथे कॉम्प्युटरच्या हुकमावर हायड्रॉलिक्स ती फट राखायचं. पण गाडी कलते तेव्हाच ड्रायव्हरला पाठीतून, बुडातून कळतं की पकड किती उरलीय. ती खूणच गेली. वळणात शिरताना गाडी क्षणभर तरंगल्यासारखी वाटायची, पकड मागाहून यायची. त्या क्षणात पाय उचलायचा नाही, हे मॅन्सेलला जमलं. पात्रेसेचा तो भरवसा कधी पुरता बसला नाही. वर पॉवर स्टिअरिंग नाही. वेगवान वळणात चाक ओढायला खांदेच लागायचे.

गंमत म्हणजे याच तंत्राच्या आधीच्या अवताराला मॅन्सेल वैतागला होता. १९८८च्या सिल्व्हरस्टोन शर्यतीच्या वेळी संघाने ते घाईघाईने काढून साधं सस्पेन्शन बसवलं आणि तो दुसरा आला.

‘हरणं शक्यच नव्हतं’ म्हणणाऱ्यांसाठी: १९९२ला या गाडीने १६ पैकी १० शर्यती जिंकल्या, सहा नाही. मोन्झाला हायड्रॉलिक्सनेच दगा दिला. मॅन्सेल बाहेर, आघाडीवरचा पात्रेसे पाचवा. मोनॅकोत शेवटच्या फेऱ्यांत चाकाच्या शंकेने मॅन्सेलला पिटमध्ये यावं लागलं. नव्या टायरवर त्याने मॅक्लारेनच्या आयर्टन सेनाला गाठलं खरं, पण त्या गल्लीबोळात सेनाने वाट दिली नाही. मॅन्सेल पाव सेकंदाच्या आत हरला. तिथे कॉम्प्युटर काय करणार?

बंदीचं तर सरळ तारखांचं आहे. ती आली १९९४ला. मधल्या १९९३च्या हंगामात मॅक्लारेन, बेनेटन, फेरारी सगळ्यांकडेच अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन होतं.

त्या १९९३ला मॅन्सेल होता अमेरिकेत, तिथल्या इंडीकार शर्यतमालिकेत. अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनविना. पहिल्याच वर्षी तिथलंही विजेतेपद घेतलं.