लोकसंख्येचं निमित्त आणि गच्चीवरचा सोलर

कर्वेनगरला मावशीच्या सोसायटीत लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरसाठी सोलर बसवायचं जवळपास ठरलं होतं. तेवढ्यात ग्रुपवर एक फॉरवर्ड आला आणि सभेत विषय बारगळला. मावशीने तो मलाही पाठवला, वर लिहिलं, "बरं झालं, पैसे वाचले." फॉरवर्ड म्हणतो: पॅनल बनवायला लागते तेवढी वीज तो जन्मभरात देत नाही, जुना पॅनल म्हणजे विषारी कचरा, रात्री उपयोग शून्य, आणि खरं संकट लोकसंख्येचं, यूपी-बिहारात पाच-पाच मुलं होतात तोवर आपण काही करून फायदा नाही.

पहिली गोष्ट धडधडीत खोटी. आपल्याकडच्या उन्हात पॅनल ती ऊर्जा वर्ष-दीड वर्षात फेडतो आणि वॉरंटी 25 वर्षांची असते. कचऱ्याचं म्हणाल, तर पॅनलमध्ये बहुतेक काच आणि ॲल्युमिनियम. शिसं थोडं असतं, म्हणूनच 2022 च्या ई-कचरा नियमांत तो घेतलाय. चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या राखेची काळजी मात्र या लोकांना कधी वाटली नाही. ती राख तिथल्या लोकांच्या वाट्याला आणि वीज आपल्या घरात.

माझं डोकं फिरलं ते लोकसंख्येवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (2019-21) उघडून बघा. देशाचा जननदर (एका बाईला सरासरी होणारी मुलं) 2.0, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या 2.1 च्याही खाली. महाराष्ट्राचा 1.7. बिहारचा 3.0 आहे, जास्त आहे, मान्य. आज तरुणांची संख्याच मोठी असल्यामुळे देशाची लोकसंख्या अजून काही दशकं वाढणार, हेही खरं. पण पाच-पाच मुलं कुठून आणली? आणि माणशी वीज बघितली तर महाराष्ट्र बिहारच्या चौपटीहून जास्त वापरतो. कोळसा जळतो तो विजेसाठी, पाळणे मोजून नाही. ज्या घरात बेडरूमगणिक एसी आहे, त्या घराने पंखाही धड न चालणाऱ्या घरातली पोरं मोजावीत आणि आपल्या नातवंडांच्या वाट्याचा धूर त्यांच्या नावावर लिहावा, हे मला सहन होत नाही. मावशीलाही हेच सांगितलं.

रात्रीचा मुद्दा तेवढा खरा. तेव्हा वीज ग्रिडमधूनच घ्यावी लागते. पण राज्यात दिवसाची गरज सोलरने जितकी भागेल, तितकं कोयना धरणाचं वीज बनवायचं पाणी संध्याकाळच्या मागणीसाठी राखता येतं.